आमच्या घरमालकांचा इतबार

किल्ली हातात द्यायच्या आधी त्यांनी मला जिन्यातच थांबवलं आणि विचारलं, "तू अकाउंटंट हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मग पहिलं ऐकून घे. आपुन चोर हाय. सरकारी चोर. सरकारात नोकरीला होतो, सरकारचा पैसा खाल्ला, जेलमध्ये जाऊन आलो. दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी आपुन सांगतो. आता बोल, घर पाहिजे की नको?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून माझी बायको मंदा नुकतीच बहरीनला आली होती आणि कंपनीच्या कॅम्पातली खोली सोडून मी मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून घर शोधत फिरत होतो. मंदा माझ्यामागे एक पायरी खाली उभी होती. तिनं माझ्या शर्टाची बाही ओढली. त्या ओढण्याचा अर्थ सरळ होता. चला, दुसरं घर बघू. मी काहीतरी गुळमुळीत बोलणार, एवढ्यात ते माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नको गो बाय. आपुन फक्त सरकारचा खाल्ला. भाडेकरूचा नाय."

पांढराशुभ्र पायघोळ थोब, डोक्यावर गुत्र्याचं फडकं, पिकलेली दाढी, आणि तोंडात ससून डॉकच्या कोळणीची भाषा. मंदाला हसू आवरेना. ती तिथेच पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसत हसत राहिली. घर ठरलं, वर आम्ही आणि खाली ते. बहरीन सोडेपर्यंत आम्ही दुसरं घर पाहिलं नाही.

त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा धंदा होता. माल घेऊन ते मुंबईला यायचे आणि महिनोन्‌महिने राहायचे. लहानपणी हे त्यांच्याबरोबर असायचे. भेंडीबाजाराजवळ बिऱ्हाड होतं, शाळेत नाव घातलं होतं, पण शाळेपेक्षा त्यांचा जीव रमायचा तो दारावर येणाऱ्या कोळणीपाशी. तिच्या पाटीशेजारी बसून ते मराठी शिकले. त्यामुळे त्यांच्या मराठीत "आपण", "कृपया" वगैरे शब्दांना जागाच नव्हती. प्रेम असलं की "मेल्या", राग असला की "मुडद्या", आणि फार आदर वाटला की नुसतंच "तू". आमच्या कंपनीचे एक फार मोठे साहेब एकदा घरी जेवायला आले होते. मुंबईचे, सूटबूट घातलेले. त्यांना यांनी जिन्यात "ये रे मेल्या, वर ये, मच्छी ताजी हाय" म्हणून हात धरून वर आणलं. साहेबांनी त्यानंतर तीन शुक्रवार स्वतःहून फोन करून विचारलं, की आज तुमच्या मालकांकडे मच्छी आहे का.

शुक्रवारचा स्वयंपाक ते स्वतः करायचे. मच्छबूस, म्हणजे मसाल्याच्या पाण्यात शिजवलेला भात आणि त्यावर मासे. पातेलं एवढं मोठं, की दोघांनी धरून उतरवावं लागे. इतकं कशाला, असं मंदानं विचारलं तर म्हणाले, "जेलमध्ये शिकला ना. कमी करायला कोणी शिकवलं नाय."

विमानतळ जवळ. विमान डोक्यावरून गेलं की बोलणं ऐकू येत नसे. आपण सगळे अशा वेळी ओरडून बोलतो. ते बोट वर करून थांबायचे. शब्द अर्धा असला तर अर्धाच तोंडात धरून ठेवायचे आणि आवाज विरला की उरलेला अर्धा बाहेर काढायचे. "मला तर त्या मुड—" इथे विमान. सगळे गप्प. "—द्यानं सांगितलं होतं."

पण त्यांची खरी ओळख होती ती त्यांच्या हातांमुळे. जेलमधून सुटल्यापासून त्यांनी पैशाला हात लावला नव्हता. नोटेला नाही, नाण्याला नाही, स्वतःच्याही नाही. सरकार आपली शिक्षा पुसून टाकेपर्यंत लावायचा नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. भाडं मी हज्जियाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात द्यायचो. भाकरीवाला, न्हावी, चहावाला, सगळे महिन्याअखेर हज्जियाकडे यायचे. नवखा टॅक्सीवाला भेटला की गंमत व्हायची. ते उतरून सरळ चालू लागायचे. तो ओरडायचा. हे मागे वळून दोन्ही रिकामे पंजे दाखवायचे, "मफी! काही नाय! घरी ये, बायको देईल!" गल्लीतली माणसं त्या टॅक्सीवाल्याला समजावायची. एकदा वाटेत कुणाची तरी दिनारची नोट पडलेली दिसली, तर त्यावर चप्पल ठेवून ते उन्हात तसेच उभे राहिले. शेवटी मी कामावरून परत येताना दिसलो. "अकाउंटंट, उचल. आपुन नाय उचलत. आणि कोणाची हाय ते विचार." कोणाची होती ते काही कळलं नाही. नोट मशिदीच्या पेटीत गेली.

"अकाउंटंट लोक मला आवडत नाय," ते मला नेहमी सांगायचे. "त्यांना सगळं दिसतं."

त्यांचं प्रकरण त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ते धक्क्यावरच्या एका सरकारी गोदामाचे अधिकारी होते. व्यापाऱ्यांकडून जी फी घ्यायची, तिच्यातली थोडी बाजूला पडू लागली. आधी थोडी, मग सवयीनं जास्त. हेडक्लार्कच्या लक्षात आलं. त्यानं त्यांना आधी एकट्यात गाठून सांगितलं, की पैसे परत भर, मी थांबतो. यांनी हसण्यावारी नेलं. मग हेडक्लार्कनं वर कळवलं. खटला झाला, शिक्षा झाली. सगळी रक्कम भरून द्यावी लागली आणि त्यात हज्जियाचं सोनं गेलं.

मंदाच्या मनात त्यांच्याविषयी माया होती. ती म्हणाली, "काका, काहीतरी अडचण असेल तुमची तेव्हा. कुणाचं आजारपण..."

"काय अडचण नाय," ते म्हणाले. "सगळे ठणठणीत होते. आपुनला गाडी पाहिजे होती. अमेरिकन. एवढी लांब, की या गल्लीत आलीच नाय. बाहेर ठेवावी लागायची."

लोकांनी त्यांच्यासाठी सबब शोधली की त्यांना राग यायचा. केलं ते केलं, त्याला आजारी आई कशाला जोडता, असं त्यांचं म्हणणं. आणि हे सगळं सांगताना चेहऱ्यावर कुठे रडवेपणा नाही. गाडीचं वर्णन तर ते असं करायचे, की ऐकणाऱ्यालाही वाटावं, आपणही खाल्ले असते थोडे.

तो हेडक्लार्क आमच्याच मोहल्ल्यात राहायचा. काडीसारखा उभा, बारीक, कुणाशी जास्त न बोलणारा म्हातारा. एव्हाना निवृत्त झालेला. रोज संध्याकाळी तो आमच्या दारावरून जायचा आणि रोज आमचे मालक खुर्चीतून उठून त्याला मोठ्यांदा सलाम करायचे. सलामाचं उत्तर द्यायला हवं म्हणून तो द्यायचा, पण चाल मंदावायची नाही. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. मी एकदा विचारलं, "शेठ, ज्यानं तुम्हाला जेलमध्ये पाठवलं त्याला उठून सलाम?"

"त्यानं नाय पाठवलं. गाडीनं पाठवलं," ते म्हणाले. "तो तर मला थांबवायला आलेला एकटा माणूस."

एके दिवशी ऑफिसातून आलो तर ते ओट्यावर माझी वाटच बघत होते. न्हाव्याकडे जाऊन आले होते, अत्तर लावलं होतं. "अकाउंटंट, आज आपुन कोर्टात अर्ज टाकला. रद्द-उल-इतबारचा."

मला वाईट वाटलं. इतबार रद्द! कोर्टानं आता हे काय नवीन काढलं? मी म्हटलं, "शेठ, तो तर तेव्हाच रद्द झाला ना? आता परत कशाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. मग बराच घोळ झाल्यावर कळलं, की आपण मराठीत ज्याला रद्द म्हणतो त्याचा अरबीत अर्थ परत देणं. माणसानं शिक्षा भोगली, पैसे फेडले, नंतर ठरावीक काळ नीट वागला, तर तो कोर्टाकडे आपला इतबार परत मागू शकतो. कोर्टानं दिला तर गुन्ह्याची नोंद पुसली जाते आणि तो माणूस पुन्हा इतरांसारखा होतो. माझा घोटाळा त्यांना इतका आवडला, की पुढे आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "हा अकाउंटंट बोलतो, कोर्ट माझा उरलासुरला पण घेऊन जाणार!"

"पण मिळवून करणार काय?" मी विचारलं. "सरकारी नोकरीचं वय तर गेलं."

त्यांनी गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे सरकारी शाळा होती. तिचा दरवान म्हातारा झाला होता आणि गावी जाऊन मुलाकडे राहणार होता. त्या जागेला वयाची अट सैल होती, पण नोंद स्वच्छ लागायची.

"दरवान?" मी म्हटलं. "तुम्ही अधिकारी होतात."

"म्हणून तर," ते म्हणाले. "वरच्या खुर्चीत बसून आपुन काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. आता दारात उभा राहून काय करतो ते बघू दे. सरकारचं काम अर्धं टाकून आलोय रे. जीवाला लागून राहिलंय." त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

अर्ज केल्यावर चौकशी आली. पोलीस खात्याचा एक तरुण हवालदार गल्लीत घरोघर विचारत फिरू लागला, की हा माणूस वागायला कसा आहे. नियमानं मालकांनी घरात बसायला हवं होतं. ते त्याच्या मागोमाग फिरले. भाकरीवाला म्हणाला, "फार शांत माणूस." मागून आवाज आला, "खोटं! लिहू नकोस! गेल्या शुक्रवारी मी याच्याशी भांडलो. भाकरी जळली होती." न्हावी म्हणाला, "कधी कोणाला दुखावलं नाही." मागून आवाज, "याच्या मेव्हण्याला मी गाढव म्हटलंय. दोनदा." हवालदार कंटाळून आमच्याकडे आला, तेव्हा मंदानं त्याला सरबत दिलं आणि त्याच्या वहीत काय लिहायचं ते त्यालाच कळेनासं झालं होतं. "तुम्ही सांगा," तो मला म्हणाला, "हा माणूस स्वतःच्या बाजूनं आहे की विरुद्ध?"

गल्लीत सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. राहिला हेडक्लार्क. त्याचं म्हणणं महत्त्वाचं होतं, कारण मूळ तक्रार त्याची. मालकांनी स्वतःच अर्जात साक्षीदार म्हणून त्याचं नाव घातलं होतं. तो चौकशीत म्हणाला, "हा पैशाला हातच लावत नाही. जो कधी पोहायला उतरला नाही तो बुडाला नाही, यात काय आलं? हा बदलला असेल, नसेलही. मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी सांगत नाही."

कोर्टानं अर्ज फेटाळला नाही, पण पुढची लांबची तारीख दिली.

मालक आठ दिवस मराठी बोलले नाहीत. अरबी बोलायचे, तीही मोजकी. शुक्रवारचं पातेलं चढलं नाही. नवव्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "तो बरोबर बोलला रे. एवढी वर्षं मी समजत होतो, की हात लावत नाय म्हणजे मी चांगला. मी तर नुसता घाबरलेला होतो."

मंदानं हे ऐकलं. ती त्या वेळी भिशी चालवायची. गल्लीतल्या आणि ओळखीच्या बायका, मुहर्रकच्या दोघी, रत्नागिरीच्या एका मेकॅनिकची बायको, एक मंगळूरची नर्स, स्वतः हज्जिया, आणि लांब बुदैयाला राहणाऱ्या सावंतबाई, ज्यांचा नवरा तिकडच्या एका बागेच्या मालकाचा ड्रायव्हर होता. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम घालायची आणि चिठ्ठी निघेल तिनं सगळी उचलायची. अरब बायकांनाही हे नवीन नव्हतं, त्यांच्यातही अशीच पद्धत होती. मंदा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन खाली गेली आणि तो मालकांच्या पुढ्यात ठेवला.

"काका, इथून पुढे भिशी तुमच्याकडे."

ते खुर्चीसकट मागे सरकले. "वेडी झाली काय गो? माझी शपथ हाय."

"शपथ मोडा. चांगल्यासाठी मोडलेली चालते."

"आणि मी खाल्ले तर?"

"तर मी तुमच्या ओट्यावर येऊन त्या कोळणीसारखी ओरडेन. अख्खं मुहर्रक गोळा करेन."

हज्जिया दारात उभी होती. ती आत गेली, आपल्या वाटणीची नोट आणली आणि नवऱ्याच्या समोर धरली. तो हात लगेच पुढे आला नाही. मग त्यांनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि नोट घेतली. दुसऱ्या क्षणी ते तिच्यावर खेकसले, "ही फाटकी हाय. दुसरी आण."

भिशीच्या डब्यानं त्यांना कामाला लावलं. डबा उशाशी, डबा नमाजाला जाताना काखेत, डबा स्वयंपाकघरात पातेल्याशेजारी. एका बाईचे पैसे यायला उशीर झाला तर ते तिच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे. बायका वैतागल्या. "आधी मंदा बरी होती," मेकॅनिकची बायको म्हणाली. पण महिन्यामागून महिने भिशी घड्याळासारखी चालली.

आणि मग एका शुक्रवारी, चिठ्ठी काढायच्या दिवशी, ते गायब झाले. डबाही नव्हता.

बायका खालच्या दिवाणखान्यात जमल्या होत्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला. सकाळी नमाजानंतर डबा घेऊन जाताना भाकरीवाल्यानं त्यांना पाहिलं होतं, एवढंच. दुपार व्हायला आली. त्या महिन्यात नर्सला पैशांची निकड होती. तिच्या भावाचं ऑपरेशन होतं आणि बाकीच्या सगळ्यांनी चिठ्ठी न काढता तिलाच द्यायचं ठरवलं होतं. तिच्याकडे बघवत नव्हतं. कुणीतरी पुटपुटलं, "माणसाची जात..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मंदाचा चेहरा उतरला होता. सगळी तिचीच कल्पना होती. मी गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आलो. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी मंदालासुद्धा सांगितलं नाही.

हज्जिया उठली. तिच्याकडे एकच सोन्याची बांगडी होती, नंतर मुलानं करून दिलेली. ती तिनं मनगटातून ओढून काढली आणि नर्ससमोर चटईवर ठेवली. मला तोवर कामापुरती अरबी येत होती. ती म्हणाली, "मागच्या वेळी मला न विचारता गेलं. या वेळी मी स्वतः ठेवते. तो येईल. तो येईपर्यंत ही तुझ्याकडे असू दे."

कुणी बांगडीला हात लावला नाही. तेवढ्यात बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला.

हेडक्लार्कची जुनी, छोटी गाडी दारात उभी होती. तिच्यातून आमचे मालक उतरत होते. थोब गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला, गुत्रा खांद्यावर घसरलेला, डबा छातीशी. मागोमाग हेडक्लार्क. दोघंही एकमेकांवर ओरडत होते.

झालं होतं ते असं. सकाळी पैसे मोजताना डब्यात एक नोट जास्त निघाली. नवी कोरी नोट, दुसरीला चिकटून आलेली. नव्या नोटा फक्त सावंतबाईंनी दिल्या होत्या, आदल्या दिवशी नवऱ्याबरोबर पाठवून. जास्तीची नोट डब्यात ठेवून चिठ्ठी कशी काढायची? ते डबा घेऊन बुदैयाला निघाले. खिशात स्वतःचं एक फिल्सचं नाणंसुद्धा नाही, पैसे बाळगायची सवय त्यांना अजून लागली नव्हती. पुलापर्यंत चालत गेले, पुढे एका भाजीच्या टेम्पोत बसले. सावंतबाई घरी नव्हत्या, कारण त्या भिशीसाठी मुहर्रकला यायला निघाल्या होत्या! मग परत फिरले. भर उन्हात रस्त्याकडेनं चालताना हेडक्लार्कनं त्यांना पाहिलं. तो बागेतून भाजी घेऊन परतत होता. त्यानं गाडी थांबवली. एवढ्या वर्षांत स्वतःहून बोललेला त्याचा पहिला शब्द.

"या उन्हात कुठे?"

"मुहर्रक."

"डब्यात काय आहे?"

"पैसे."

"मग टॅक्सी कर की!"

"ते माझे नाहीत," आमचे मालक म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

हे आम्हाला हेडक्लार्कनं सांगितलं, ओट्यावर उभं राहून. ओरडण्याचं कारण असं, की त्यानं गाडीत बसायला सांगितल्यावर हे बसायला तयार नव्हते. माझी गाडीची हौस फार वाईट आहे, मला चालूच दे, म्हणत होते. त्यानं धरून बसवलं होतं.

सावंतबाई आत चहाच पीत होत्या. "अगो बाई, माझी होती होय ती?" म्हणाल्या. "मला तर कळलंच नाही." मालकांनी त्यांच्यासमोर दोन्ही हात आपटून घेतले. "आपुन मेला उन्हात, आणि हिला कळलंच नाय!" मग असा हशा उठला की वरून गेलेलं विमान कुणाला ऐकू आलं नाही. नर्सला पैसे मिळाले. हज्जियानं बांगडी उचलून पुन्हा मनगटात चढवली आणि नवऱ्याला सगळ्यांसमोर झापलं, की सांगून जाता येत नाही का. मालकांनी लगेच पातेलं चढवलं आणि हेडक्लार्कला त्या दिवशी जेवल्याशिवाय कुणी जाऊ दिलं नाही. त्यानं मच्छबूस दोनदा घेतला आणि म्हणाला, मीठ जास्त आहे. "खरं बोलणारा माणूस," मालक आमच्याकडे बघून अभिमानानं म्हणाले.

कोर्टाची तारीख आली तेव्हा अर्धी गल्ली राजधानीला, मनामाला गेली. मीही अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेलो. साक्षीला हेडक्लार्क उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, की मागच्या खेपेस तुम्ही माहीत नाही म्हणालात, आता काय सांगता? आमच्या मालकांनी डोळे मिटून घेतले होते.

"तेव्हा माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आता माहीत आहे. माझं गोदाम अजून असतं, तर किल्ल्या मी याच्याकडे दिल्या असत्या."

न्यायाधीशांनी मालकांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. आम्ही सगळे घाबरलो. हा माणूस आता उठून आपले उरलेले दोष सांगणार. ते उठले. तोंड उघडलं. हज्जिया मागून अशी खाकरली, की ते म्हणाले, "नाही साहेब," आणि बसले.

निकाल त्याच महिन्यात आला. इतबार परत. नोंद पुसली. ती बातमी घेऊन ते आमच्या जिन्यात आले. मंदानं आतून साखरेची वाटी आणली. त्यांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि जिन्याच्या भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले, मग हसले, मग मंदाला म्हणाले, "पातेलं मोठं चढव गो बाय. सगळ्यांना बोलाव. त्या न्हाव्याच्या मेव्हण्याला पण." त्या शुक्रवारी आमच्या गल्लीत माणूस माणसाला खेटून बसला होता. हेडक्लार्क पुन्हा म्हणाला, मीठ जास्त आहे.

शाळेची जागा त्यांना मिळाली. खाकी कोट, छातीवर बिल्ला. पहिल्या दिवशी ते शाळा उघडायच्या कितीतरी आधी फाटकात जाऊन उभे राहिले, आणि हज्जियानं ओट्यावर खुर्ची टाकून, चहा पीत, दिवसभर त्यांना पाहिलं. मुलांचे चेहरे त्यांना बघता बघता ओळखीचे झाले. मुख्याध्यापकांना मात्र ते ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. "ओळखतो मी," म्हणायचे, "पण नियम हाय."

आम्ही बहरीन सोडलं ते ऐंशीच्या दशकात, आमचा मुलगा शाळेत जाऊ लागायच्या वेळी. निघायचा दिवस आठवड्यातला कामाचा होता, विमान दुपारचं. विमानतळावर येता का, असं मी आदल्या संध्याकाळी विचारलं, तर ते दुखावलेच. "ड्युटी हाय माझी. शाळा कोण सांभाळणार, तुझा बाप?" निरोप त्यांनी घेतलाच नाही. मंदा त्यांच्या पाया पडायला वाकली, तर पाय मागे घेऊन आत निघून गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत सामान भरलं. हज्जियानं मंदाला मिठी मारली ती सोडेना. उशीर झाला. टॅक्सी गल्लीतून बाहेर पडली, शाळेजवळ आली, आणि नेमकी शाळा सुटली. फाटकातून आमचे मालक बाहेर आले, रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले आणि आमच्या टॅक्सीसमोर त्यांनी हात आडवा केला.

मुलं रस्ता ओलांडू लागली. दोन-दोनच्या रांगेनं, दप्तरं सांभाळत, रेंगाळत. रांग संपेना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्यानं हात मांडीवर ठेवला. "विमान चुकेल हो," मंदा म्हणाली, पण ती काचेला नाक लावून हसत होती आणि गाल ओले झाले होते. त्यांनी आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटचं मूल पलीकडे गेलं, तरी हात आडवाच होता. रस्ता मोकळा. कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. तरी टॅक्सी थांबलेली आणि ते मधोमध उभे, बिल्ला उन्हात चमकतोय.

मग त्यांनी टाचा जोडल्या, हात कपाळाला लावून एक कडक सलाम ठोकला, आणि बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.